कापसाचा बोळा

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, अगदी मोठे सरसुद्धा. काचपट्टीवर नमुने चढवायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली लावून द्यायचे, हे तिचं काम. अलीकडे डाव्या डोळ्याला अंधुक दिसायला लागलं होतं. त्या डोळ्याच्या तपकिरी रंगात एक काळा ठिपका होता आणि दादा लहानपणी त्यावरून तिला चिडवायचा, की तुझ्या डोळ्यात कुणीतरी तीळ सांडलाय. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला, तरी फरक पडेना. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ती उजव्या डोळ्याने काम रेटत होती.

दुपारचं काम उरकलं की ती कोपऱ्यातला इनक्युबेटर उघडायची. आत कायम अंगाइतकी ऊब असे. मागच्या बाजूला, इतरांच्या बश्यांआड, दादाचा चंबू होता. गोल बुडाचा, लांब मानेचा, तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलेला.

दादा तिचा थोरला भाऊ. त्याचं सगळं आयुष्य याच खोलीत गेलं. थोडे क्षार, थोडे वायू, ऊब आणि भरपूर वेळ मिळाला की जिवंत पेशी आपली आपण घडते, असं तो म्हणायचा. मोठे सर नाक मुरडायचे. "अरे, एका पेशीत अख्ख्या शहराचा कारभार असतो. वीजघर, कारखाने, वेशीवर पहारा. एक खातं बंद पडलं की सगळं शहर बसलं. असलं काही आपोआप होतं होय?"

"सर, शहराच्या जागी आधी एखादी झोपडीच असते की," दादा म्हणायचा. "तुम्ही फक्त वेळ द्या."

वाद घालत घालत दोघं एकमेकांना चहा पाजायचे. मग एकदा चंबूतलं पाणी गढुळलं. दादाने गावोगावचे शास्त्रज्ञ बोलावले आणि नमुना काढायचा मान मोठ्या सरांनाच दिला, कारण आपल्या विरोधकाने काढलेल्या नमुन्यावर कोण शंका घेणार? भोळा होता तो. तेव्हा पिपेट तोंडाने ओढायचे, सरबताच्या नळीसारखी. थुंकी खाली उतरू नये म्हणून तिच्या वरच्या टोकात कापसाचा बोळा बसवलेला असायचा.

नमुना निघाला, काचपट्टी ताईनेच लावली. पडद्यावर पेशी दिसल्या. सपाट, कडा दुमडलेल्या, मधोमध ठिपका. माणसाच्या गालाच्या आतल्या पेशी होत्या त्या, कुणीही ओळखाव्यात अशा. सर म्हणाले, "जीव उत्पन्न झालाय खरा, पण आमच्या मित्राच्या तोंडात." सभागृह खो खो हसलं. सरांची पिपेट तपासली, तर बोळा जागच्या जागी होता.

तो परत बसवताना ताईने पाहिला होता. सरांच्या दोन बोटांत, ओला. तिने सांगूनही पाहिलं. बहीणच ती, भावाचीच बाजू घेणार, असं म्हणून लोक चहाला गेले.

दादाने पुन्हा या खोलीत पाऊल टाकलं नाही. आधी बोलणं सोडलं, मग जेवण, आणि मग तो गेलाच. निरोप आला तेव्हा ती कपाट आवरत होती आणि चंबू फेकायच्या सामानात पडला होता. तिने तो उचलला, त्याच्यावर वाकून ती ढसाढसा रडली. डोळ्यांतलं पाणी उघड्या मानेतून आत टपटपत होतं. मग ज्योत पेटवून तिने मान बंद केली, आणि त्या क्षणापासून मोठ्या सरांवर डूख धरला.

वर्षं गेली. सर थकले, त्यांचा सत्कार ठरला. 'पेशीची गुंतागुंत' या विषयावर ते बोलणार होते. सूचना फलकावर लागली त्याच दुपारी चंबूच्या तळाशी ताईला गुलाबी साय दिसली.

दुसऱ्या दिवशी साय जाड झाली. मग तिला वळ्या पडल्या. सर डबा खाताना कुरकुरायला लागले, की कशालाच चव नाही. पुढे ते 'स' म्हणताना अडखळू लागले. चंबूत तेव्हा सायीतून एक पांढरं टोक वर आलं होतं. दात होता. खालच्या ओळीतला, आडवा फिरलेला. तसा दात ताईने एकाच माणसाच्या हसण्यात पाहिला होता.

तिला भीती वाटायला हवी होती, पण तिला फार बरं वाटलं. ती रोज दुपारी स्टूल ओढून तिथे बसायला लागली.

सत्काराच्या सकाळी सर स्वतःच आले. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आतून गाल ओल्या काचेसारखे गुळगुळीत झाले होते, जिभेचं नुसतं बोंड उरलं होतं, आणि आडव्या दाताची जागा रिकामी होती.

"उघड तो चंबू," ते कसेबसे म्हणाले. "मी हात लावला की तोंडात काचा फुटतात. तू बंद केलास, तूच उघड."

"बोळा कुणी काढला होता?"

"जुनं झालं ते, ताई."

"तुमच्यासाठी."

सरांनी इनक्युबेटरकडे पाहिलं. "मी काढला."

"मला नका सांगू. मला माहीतच आहे. दुपारी सगळ्यांसमोर सांगा, मग उघडते."

दुपारी सर व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हा तोंडातून आवाजच फुटेना. ते फळ्याकडे वळले. खडू दोनदा मोडला. बोळा मी काढला, पेशी माझ्या होत्या, एवढंच लिहिलं. कुणी हसलं नाही. दादाच्या वेळी सगळ्यात मोठ्याने हसलेले एक वृद्ध शास्त्रज्ञ पुढच्या रांगेत होते. ते म्हणाले, "म्हणजे त्याचं काहीच चुकलं नव्हतं."

हेच ऐकायला ताई इतकी वर्षं थांबली होती. ऐकलं, आणि पोटातली आग तसूभरही कमी झाली नाही.

ती प्रयोगशाळेत परतली. मागोमाग धापा टाकत सर. तिने इनक्युबेटर उघडला, चंबू हातात घेतला. सरांनी हात जोडले.

तिने चंबू पुन्हा आत ठेवला.

"दादा वेळ मागत होता," ती म्हणाली. "देते मी त्याला वेळ."

सर भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. चंबूची काच मात्र आतून धुरकटत होती, निवळत होती, पुन्हा धुरकटत होती.

ते नीट पाहावं म्हणून ताई वाकली.

दाताच्या वरच्या बाजूला सायीला एक चीर होती. ती हळूच उघडली. आत तपकिरी रंग होता, आणि त्यात एक काळा तीळ.

ताईचा डावा डोळा एकदम स्वच्छ झाला. त्या डोळ्याला दिसलं, जाड काचेपलीकडे एक प्रचंड म्हातारा चेहरा वाकून आत बघतोय. चष्मा तिचाच होता.

तिने घाईघाईने इनक्युबेटरचं दार लावलं.

डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला.