खिडकी नंबर दोनचा अपात्र अर्जदार

ऐक ना मानसी, आधी सगळं ऐकून घे. मधेमधे 'मग? मग?' करू नकोस, माझी लिंक तुटते.

तर इथे कोलकात्यात आमच्या कॉलेजात दुर्गापूजेची सुट्टी संपली की स्कॉलरशिपची खिडकी उघडते. राज्य सरकारची योजना. मुलांनी पोर्टलवर फॉर्म भरायचा, कॉलेजने तपासायचा आणि पुढे पाठवायचा. ऑफिसातले शंतनुदा — पन्नाशीचे, नोव्हेंबर लागला की माकडटोपी घालणारे — त्यांना दरवर्षी मदतीला एक विद्यार्थी लागतो. यंदा मी. एनएसएसचे तास भरायचे होते म्हणून, समाजसेवा वगैरे काही नाही. मी स्वतः त्या योजनेत बसतच नाही. बाबा बँकेत, उत्पन्नाच्या अटीलाच बाद.

पण नियम मला पाठ झालेत. झोपेतून उठवून विचार. कॉलेज राज्यातलं हवं, नुसतं राज्यातलं नाही, मान्य कॉलेजांच्या यादीतलं हवं. कोर्स पूर्णवेळ हवा. आणि विद्यार्थी याच राज्याचा रहिवासी हवा.

तर एका गुरुवारी दुपारी मी एक फॉर्म उघडला. कॉलेज — हिरवी खूण. कोर्स — हिरवी. मार्क — हिरवी, आणि काय मार्क गं, फिजिक्सला शहाण्णव. रहिवासी — लाल. खाली ठळक अक्षरात, अपात्र. मी पत्ता बघितला. सध्याचा पत्ता, बऊबाजार. कायमचा पत्ता, तालुका खानापूर, जिल्हा सांगली.

सांगली. मी दोनदा वाचलं. मग नाव वाचलं. अजेय दत्तात्रय शिंदे.

मी खिडकीतून हाक मारली. आमच्या खिडकीला काच आहे, आणि खाली कागद सरकवायला एवढीशी फट. बोलायचं असेल तर प्रत्येकाला वाकून त्या फटीत तोंड घालावं लागतं. तर एक उंच मुलगा आला, कमरेत वाकला आणि एकदम शुद्ध बंगालीत म्हणाला, "दिदि, आमार फॉर्मटा..."

मी सरळ मराठीत सुरू केलं. "जन्म कुठला तुमचा?"

तो वाकलेला होता तसाच थांबला. चेहऱ्यावर असं काहीतरी... म्हणजे अनोळखी घरात शिरल्यावर आतून आपल्याच आईचा आवाज यावा ना, तसं.

"इथलाच. मेडिकल कॉलेज हॉस्पिटल."

"शाळा?"

"इथलीच."

"गावाला किती वेळा गेलात?"

त्याने बोटं मोजली. "तीन. नाही, चार. एकदा आत्याच्या लग्नाला, पण तेव्हा मी कडेवर होतो. ते धरायचं का?"

"मग कायमचा पत्ता सांगली कसा?"

"बाबा म्हणाले, कायमचा म्हणजे गावचा."

आणि मानसी, इथे मी त्याला झापलं. इतक्या चांगल्या मार्कांचा फॉर्म एका ओळीने घालवला होता. मी म्हटलं, "सरकार विचारतंय तुम्ही कुठे राहता, तुमचं मन कुठे राहतं ते नाही." मागच्या रांगेने माना वर केल्या. कुणाला शब्द कळला नव्हता, पण सूर कळला होता.

तो लाल झाला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही कुठल्या?"

"पुण्याची."

"राहता कुठे?"

"बालीगंज." आणि... जाऊ दे, हसू नकोस. आमच्याही प्रत्येक फॉर्मवर बाबा पुण्याचाच पत्ता लिहितात. तिथल्या फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतात.

त्याची गोष्ट मग तुकड्यातुकड्यांनी कळली. त्याच्या गावाकडची, विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात असतात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. त्याचे आजोबा त्यासाठी इथे आले आणि बऊबाजारच्या गल्लीत छोटं दुकान टाकलं. आता धंदा बसलाय. घरात ठरलेलं होतं, स्कॉलरशिप मिळाली तर कॉलेज. नाहीतर दिवाळीनंतर हे महाशय कोइमतूरला काकांच्या दुकानात, भट्टीसमोर. काका तिकीट काढायला तयारच होते.

"पण महाराष्ट्राच्या योजनेत भरा की," मी म्हटलं.

"भरला असता. पण ते म्हणतात, पंधरा वर्षं तिकडे राहिलेलं दाखवा."

म्हणजे बघ, दोन राज्यं आणि दोन्हीकडे हा पाहुणा.

उपाय होता. वॉर्डाचा दाखला, राहत्या घराचा पुरावा, आणि पालकांचं सहीचं पत्र, की आम्ही या राज्याचे कायमचे रहिवासी आहोत. शेवटची तारीख पुढचा शुक्रवार, पाच वाजेपर्यंत.

मी त्याला यादी लिहून दिली. त्याने सगळं एकदम आणावं की नाही? नाही. शुक्रवारी फोटो आणला. शनिवारी दाखला आणला, पण झेरॉक्स मागच्या कोऱ्या बाजूची. सोमवारी बरोबर बाजूची. शंतनुदा टोपीतून पुटपुटले, "एइ छेलेटा आबार..." हा मुलगा पुन्हा आला म्हणून.

"तुम्हाला हे सगळं एका दिवसात जमलं असतं," मी म्हटलं.

"हो."

"मग?"

"मग एकाच दिवशी यायला मिळालं असतं."

हे तो फटीतून म्हणाला, वाकून, अगदी गंभीर तोंडाने. मी कागदावर उगाचच शिक्का मारला. कोऱ्या कागदावर.

मंगळवारी तो म्हणाला, "तुमच्यासोबत चहा प्यायला काय पात्रता लागते?"

"अर्ज करावा लागतो."

"अटी?"

"अर्जदार पूर्णवेळ हवा." मानसी, हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला खरंच माहीत नाही.

"आहे," तो म्हणाला. "अजून?"

"अहो-जाहो करणारा नको."

"बरं." थांबला. मग अगदी जपून, गरम कप उचलावा तसं — "तू... येतेस?"

गेटसमोर भांडातला चहा प्यायलो. भांड म्हणजे मातीचा छोटा कप, त्यात चहा जेमतेम चार घोट. त्याने ते चार घोट वीस मिनिटं पुरवले. पण कप फेकताना तोंड उतरलं त्याचं. "बाबा सही करत नाहीयेत."

"का?"

"त्यांना वाटतं, इथले कायमचे म्हणून सही दिली की गावच्या सातबाऱ्यावरून नाव जाईल."

मी घरी येऊन बाबांना विचारलं. बाबा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "जाऊन नीट समजावून सांग त्यांना. आणि हसू नकोस हं तिथे."

तर बुधवारी मी बऊबाजारला गेले. गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दुकानात ॲसिडचा वास, घशाला लागणारा. छोटी भट्टी आणि त्यासमोर त्याचे बाबा. मागे एक खोली. तिथून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कोलकात्यात, मानसी, भाकरीचा आवाज.

दत्तात्रयकाकांनी मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. मी म्हटलं, "काका, सातबारा तिकडच्या तलाठ्याकडे, हा फॉर्म इकडच्या पोर्टलवर. दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही."

"ते असेल गं पोरी," काका म्हणाले. "पण माझ्या वडलांनी चाळीस वर्षं इथं काढली. एकाही कागदावर कधी कलकत्ता कायमचं म्हणून लिहिलं नाही. म्हणायचे, आपण चार पैसे मिळवायला आलोय, परत जायचंय."

"गेले परत?"

मी विचारायला नको होतं. अजेयने माझ्याकडे बघितलं. काका भट्टीकडे बघत राहिले.

"निमतल्याच्या स्मशानघाटावर गेले," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर कोइमतूरचं तिकीट. आणि मला तेव्हा, त्या खुर्चीत, पहिल्यांदा लख्ख कळलं की मला ते तिकीट अजिबात नकोय. फॉर्मसाठी नाही... माझ्यासाठी.

तेवढ्यात भाकरीचा आवाज थांबला. काकू पिठाच्या हातांनी दारात आल्या. सुलभाकाकू. एवढ्याशा, पण आवाज असा खणखणीत.

"फॉर्मवर कुणाची सही लागते म्हणालीस?"

"पालकांची."

"बापाचीच?"

मी डोक्यातल्या डोक्यात नियमांचं पान उलटलं. कलम चार. "नाही काकू. आई किंवा वडील. कुणीही एक."

"मग आधी का नाही बोललीस?" काकूंनी पदराला हात पुसले. "अठ्ठावीस वर्षं मी या गल्लीत पाणी भरतेय. मला आजवर कुणी विचारलं का, बाई, तुझं कायमचं कुठं? आण इकडे."

"अगं, पण..." काका म्हणाले.

"तुम्ही गावचे राहा. मी इथली होते. पोरगा माझ्यावर गेलाय असं सांगा."

आणि त्यांनी सही केली. सावकाश, जीभ किंचित बाहेर काढून. पिठाचा एक ठिपका कागदावर पडला, त्यावर त्यांनी फुंकर मारली, डाग राहिलाच. काका उठले, आत गेले. मला वाटलं चिडले. बाहेर आले तेव्हा हातात एक जुनी प्लास्टिकची पिशवी. आत लाइटची बिलं, तारखेप्रमाणे लावलेली, खालची पार पिवळी पडलेली.

"घराचा पुरावा लागतो म्हणाली होतीस ना," ते म्हणाले. "बघ, यातलं कुठलं चालतंय."

मी अजेयकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघंही रडलो असतो, आणि मला बाबांनी फक्त हसायला मनाई केली होती.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी शंतनुदांनी चष्मा वर-खाली करून सगळे कागद पाहिले. पिठाच्या डागावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, पीठ. त्यांनी क्षणभर विचार केला आणि क्लिक केलं. लाल ओळ गेली. चारही खुणा हिरव्या. मी काचेतून अंगठा दाखवला. तो काचेपलीकडे नुसता उभा. मग बॅग खांद्यावर घेतली आणि गेला. गेलाच, मानसी. एक शब्द नाही.

शनिवार आणि रविवार माझे कसे गेले ते विचारू नकोस. मला वाटलं, संपलं. काम होतं म्हणून यायचा. काम झालं.

सोमवारपासून रिन्यूअलवाल्यांची मुदत होती, रांग पार जिन्यापर्यंत. मी मान खाली घालून फॉर्म घेत होते. पाऊण तासाने एक हात फटीपाशी आला. रिकामा. कागद नाही. मी वर पाहिलं.

"तुझं तर झालं ना?" मी म्हटलं.

"झालं."

"मग रांगेत कशाला?"

"तुझ्यापर्यंत यायची रांग हीच आहे ना."

मागून कुणीतरी ओरडलं, लवकर करा. आणि तो, जो रोज कमरेत वाकून फटीतून बोलायचा, तो सरळ उभा राहिला. काचेतून ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलायला लागला. मराठीत. त्याला काय, पन्नास माणसांत एकालाही मराठी कळत नव्हतं, म्हणजे बंद खोलीच.

"विनीता, मला तू आवडतेस. पहिल्याच दिवशी मला झापलंस ना, तेव्हापासून. शुक्रवारी बोलणार होतो, पण तेव्हा बोललो असतो तर तुला वाटलं असतं, कामाचे आभार मानतोय. म्हणून थांबलो. आज माझं तुझ्याकडे काहीच काम नाही."

माझे कान तापले. पन्नास माणसं बघत होती, एकालाही काही कळलेलं नव्हतं. मला सोपं होतं गं. हळूच फटीतून मराठीत 'नंतर बोलू' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणाला पत्ता लागला नसता. पण मला वाटलं, याची आई पिठाच्या हातांनी सही करते, सगळ्यांदेखत, आणि मी काय फटीतून कुजबुजणार?

मी खुर्चीवरून उठले. आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ बंगालीत म्हटलं, "आमारओ तोमाके भालो लागे."

मलाही तू आवडतोस. एवढंच.

मग मागच्या मुलीच्या हातातला फॉर्म खाली पडला, आणि जिन्यावरून कुणीतरी शिट्टी मारली. अजेय पार कानापर्यंत लाल, काचेला हात टेकून हसत उभा. आणि शंतनुदा, स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "नेक्स्ट."

आता खरं खरं सांग मानसी. पन्नास माणसं, एक काच, आणि तो असा समोर... तू काय केलं असतंस?