पाटी रंगवायला आलेला माणूस

दुपारी तीनच्या सुमाराला चष्म्याच्या दुकानात फारसं कोणी फिरकत नाही. मी काचांची पेटी पुसत बसले होते. तेवढ्यात मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, दारातूनच म्हणाले, "यांचे डोळे बघ गं जरा. आपली नवी पाटी रंगवताहेत, आणि ओळ चढावर निघालीय."

मी मान वर केली. काकांच्या मागे माझा नवरा उभा होता.

चार वर्षांनी दिसत होता. कानाजवळचे केस पिकलेले, बाहीवर निळ्या रंगाचा डाग. हातातला ब्रश कुठे ठेवावा हेच त्याला सुचेना. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. या शहरात आले तेव्हा मी एकटी आहे एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनीही पुढे खोदून विचारलं नव्हतं.

"बसा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अहो-जाहो केलं.

तपासणीची जड चौकट मी त्याच्या नाकावर चढवली. त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास येत होता... आणि त्या वासाने मला उचलून थेट माझ्या माहेरच्या दारात नेऊन उभं केलं.

तेव्हा तो आमच्या इमारतीत दारांवर नंबर रंगवायला आला होता. आमचा नंबर सतरा. त्याने एकाहत्तर लिहिला. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला आला आणि आणखी बिघडवून गेला. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, तुम्हाला आकडे येत नाहीत का? तो शांतपणे म्हणाला, येतात, पण पहिल्या दिवशी ज्यांनी दार उघडलं होतं त्या पुन्हा दिसल्याच नाहीत. आई हसू दाबत आत आली आणि म्हणाली, जा बाई, नाहीतर हा दाराचं वाटोळं करेल.

सहा महिन्यांत आमचं लग्न झालं. दोन खोल्यांचं घर होतं. त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांवर झोकदार अक्षरांत नावं घातली होती. मीठ, साखर, चहा... आणि एका रिकाम्या बरणीवर 'बाईसाहेबांचा राग'. हिचं झाकण घट्ट ठेवायचं, म्हणायचा.

मग एका संगीतशाळेच्या भिंतीचं काम आलं. ते तीन आठवडे झाले तरी संपेना. एकदा मी त्याला न सांगता डबा घेऊन गेले. भिंतीवर हात ठेवला तर रंग कोरडा ठणठणीत. पहारेकरी म्हणाला, पेंटरचं काम तर केव्हाच आटोपलं, हल्ली ते गाण्याच्या बाईंकडे असतात. त्या रात्री त्याने काही नाकारलं नाही. मीही भांडले नाही. आठवड्याभरात बॅग भरून निघाले.

"पहिली बरी की दुसरी?" काच बदलत मी विचारलं. हा प्रश्न मी दिवसातून पन्नास वेळा विचारते. तोंडातून निघून गेला, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं.

"पहिली," तो हळूच म्हणाला. "पण तसं म्हणायचं तोंड मला—"

"मी काचेबद्दल विचारतेय."

"मीही काचेबद्दलच सांगतोय."

पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांची तपासणी होत नाही. मी चौकट उतरवली आणि उद्या यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायच्या आधीच येऊन उभा होता. म्हणाला, तू म्हणशील तर काकांना दुसरा पेंटर गाठून देतो. मी म्हटलं, हातात घेतलेलं काम पुरं कर. ते मी जरा टोचूनच बोलले.

नंबर निघाला, चष्मा तयार झाला. मग दोन दिवस पावसाची भुरभुर लागली, रंग धरेना. तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राही, मी दारात. तिथेच एकदा मी त्याला विचारलं... तेव्हा न विचारलेलं. का?

तुझ्यात काही कमी नव्हतं, म्हणाला. तिच्यासमोर मी नवा होतो, एवढंच. माझे सगळे विनोद नवे, सगळ्या फुशारक्या नव्या. ते दोन महिन्यांत संपलं, आणि तोवर तू गेली होतीस.

मग मी बोलले. चार वर्षांचं. वर्षभर मला कुणी साधं 'येतो हं' म्हटलं तरी खरं वाटायचं नाही. आरशात बघताना मी माझ्यात खोट शोधायचे. हे सगळं मी रस्त्यावरच्या माणसांची पर्वा न करता सांगितलं. त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाला, "माफ कर असं मी म्हणणार नाही. तुला जमेल तेव्हा, जमलं तरच."

त्या दिवशी जमलं नाही. पण रडून झाल्यावर मला भूक लागली, आणि आम्ही एका बाकावर बसून पाव खाल्ला.

पाटी पुरी झाली त्या संध्याकाळी तो नवा चष्मा लावून माझ्याकडे बघतच राहिला.

"तुझ्या हनुवटीवर दोन तीळ आहेत?"

"पहिल्यापासून."

"मला एकच ठाऊक होता."

"जवळचं दिसत नव्हतं ना तुला," मी म्हणाले, आणि हसले. किती दिवसांनी त्याच्यासमोर हसत होते.

पुढचं काम त्याला दूरच्या गावी होतं, दहा दिवसांचं. मी बसपर्यंत सोडायला गेले. त्याने खिशातून एक कागद काढला. कुठली इमारत, कामाच्या वेळा, तिथल्या व्यवस्थापकांचा फोन, सगळं सुबक अक्षरात लिहिलेलं. कधीही फोन करून खात्री करून घे, म्हणाला, मला वाईट वाटणार नाही.

मी कागद पूर्ण वाचला. घडी घातली आणि त्याच्याच खिशात परत ठेवली.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "उद्याही वाटेल. पण मी फोन करणार नाही. काम झालं की घरी ये."

तो बसमध्ये चढला. बस हलली तेव्हा कुठे खिडकीतून डोकं काढून त्याने विचारलं, "घर कुठे आहे पण?"

खरंच की, त्याला कुठे माहीत होतं. मी बसबरोबर भराभर चालत पत्ता सांगितला... भाजी मंडईच्या मागे, दुसरा जिना, वरचा मजला. त्याने तो दोनदा म्हणून दाखवला. दोन्ही वेळा बरोबर.