चितळं पळाली नाहीत

कोणी विश्वास ठेवला नाही तरी चालेल. मी तिथे होतो, एवढंच सांगतो.

साल १९८९, संक्रांतीनंतरचे दिवस. जन्नारमकडच्या जंगलातलं एक तळं. दिवस मावळायला आला होता.

माझ्यासोबत बयनाबाई होती. माझी सख्खी आत्या, बाजारहत्नूरची. तिचा एकुलता एक मुलगा उद्धव काही वर्षांपूर्वी याच तळ्यात बुडून गेला होता.

उद्धवला जनावरं पाहायचं वेड. सुटी मिळाली की बस धरायची आणि जंगल गाठायचं. त्या दिवशी चितळं जवळून दिसावीत म्हणून तो पाण्यात उतरला. पाय गाळात रुतला...

लोकांनी त्याला घरी आणलं. आत्याने तेवढंच पाहिलं.

त्यानंतर ती जंगलाचं नावही काढत नव्हती. मग अचानक तामसीला आमच्या घरी आली आणि मला म्हणाली,

"माझा लेक काय पाहाले जात होता, ते मले एकदा पाहू दे."

नाही कसं म्हणणार?

जंगलातला चौकीदार महिपत आम्हाला तळ्यापर्यंत घेऊन आला. उद्धवला तो ओळखायचा. त्याने आम्हाला बांबूच्या बेटाआड बसवलं. चितळाचे कान फार तिखट, पान वाजलं तरी कळप उधळतो, असं बजावलं आणि तो रस्त्यावर थांबायला गेला.

आम्ही दोघंच उरलो.

किड्यांची किरकिर चालू होती. सागाच्या शेंड्यांवर तांबूस ऊन होतं.

थोड्या वेळाने कळप आला. माद्या, पाडसं, मागे शिंगांचा एक मोठा नर. आत्या पदर तोंडावर धरून पाहत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग किरकिर थांबली.

पाखरं थांबली.

वारासुद्धा...

सगळ्या कळपाने एकदम माना वर केल्या. आमच्याकडे नाही. काठावरच्या एका मोकळ्या जागेकडे.

तिथे कोणी नव्हतं.

पण पाण्यावर वर्तुळं उठत होती... गुडघाभर पाण्यातून कोणी हळूहळू चालत बाहेर यावं, तशी.



आत्या उठली. तिच्या पायाखाली पाचोळा करकर वाजला. बांगड्या वाजल्या.

चितळं पळाली नाहीत.

ती त्यांच्यामधून चालत गेली. कळपाने तिला वाट दिली. पाण्याच्या अलीकडेच ती थांबली आणि रोज घरात बोलावं तसं बोलली,

"किती भिजला रे बाबू... थंडी वाजून राह्यली काय?"

तिने पदर उचलला. हात उंच केला. उंच पोराचं डोकं पुसावं तसा तो पदर हवेत फिरत होता.

आणि पदरातून पाणी गळायला लागलं...

मी ओरडलो, "आत्या!"

माझ्या कानाशी कोणीतरी अगदी हळू बोललं...

"हळू. पळून जातील."

मी वळून पाहिलं. मागे फक्त बांबू होते.

तेवढ्यात झाडावरून वानर खेकसलं. कळप उधळला. पाणी स्थिर झालं. आत्याचा हात तसाच वर होता.

मी तिला धरून रस्त्यावर आणलं. ती रडली नाही, अडली नाही. महिपतने तिच्या ओल्या पदराकडे पाहिलं. एवढंच म्हणाला, की हल्ली त्या काठावर कधीकधी चितळं माणसाला भीत नाहीत.

बसमध्ये मी तिला विचारलं, काय दिसलं?

"चितळं पाह्यली," ती म्हणाली. "लय साजरी होती."

ते ती कुजबुजत म्हणाली. त्यानंतर तिचा आवाज कधी वर गेलाच नाही. स्वयंपाकघरात, शेतात, भर बाजारात... ती कुजबुजतच बोलायची. घरात कोणी मोठ्याने बोललं तर ओठांवर बोट ठेवायची आणि दाराकडे पाहायची.

१९९६ साली ती गेली. बायांनी हंबरडा फोडला. आत्यावर माझा फार जीव होता. मी तोंड उघडलं...

आवाज निघाला नाही.

मोठ्याने रडणं मला अजूनही जमत नाही.