सात नंबरचा बिल्ला

शेंगदाणे आणि तिळाची गजक आणायला सलोनी मनीमाजऱ्याच्या बाजारात गेली होती, ती साडेसातला परत आली. स्कूटरची किल्ली दाराजवळच्या फळीवर अडकवताना तिचा हात थांबला. फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा होत्या. वरच्या रांगेत विश्वनाथकाकांच्या किल्ल्या होत्या. गेल्या वर्षी वारलेल्या शोभनाकाकूच्या कपाटाची किल्लीही होती, ती काकांनी हलवली नव्हती. आणि सर्वांत शेवटी एक पितळी बिल्ला, त्यावर सातचा आकडा. खालची रांग रिकामी होती.

"काका, ये क्या है?"

सलोनी आणि मयुरेश ही काकांच्या धाकट्या भावाची मुलं. जन्म चंदीगडचा, त्यामुळे मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत. आईवडील अंबाल्याला लग्नाला गेले म्हणून दोघं रात्रीपुरती काकांकडे आली होती.

काकांनी आधी दोघांना जेवायला बसवलं. आठ वाजता दिवे गेले. २००८च्या डिसेंबरातली अठ्ठावीस तारीख, रविवार, आणि बाहेर धुकं असं की समोरच्या घराची भिंत दिसत नव्हती. मेणबत्ती लावून, पायांवर रजई ओढून काका म्हणाले, "नऊ वाजता एक फोन येईल. तोवर त्याची गोष्ट सांगतो. ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसाची आहे."

मयुरेश म्हणाला, फोन भुताचा असेल तर तो घेणार नाही. काका हसले नाहीत.

काकांच्या वरच्या खोलीत सात वर्षांपूर्वी देवदत्त नावाचा भाडेकरू राहायचा. मूळ वर्ध्याकडचा. वडील फौजेत, चंडीमंदिरच्या छावणीत होते, म्हणून मुलगा इकडेच वाढला आणि इकडेच वनखात्यात लागला. शहराच्या कडेच्या तलावामागच्या अभयारण्यातल्या एका चौकीचा तो प्रमुख होता. चौकीचं नाव काकांनी सांगितलं नाही. तिथे अजून माणसं नोकरी करतात, म्हणाले.

काम तसं साधंच. बंधाऱ्यांत पाणी किती उरलं ते बघायचं, कुंपण तुटलं तर बांधायचं, सरपणाला आलेल्या बायांना गोडीने परत पाठवायचं, मे महिन्यात वणवा विझवायचा. कधी एखादं सांबर रस्ता चुकून सेक्टरातल्या एखाद्या साहेबाच्या बागेत शिरे, मग ते जाळं टाकून धरायचं आणि साहेबाच्या गुलाबांबद्दल बोलणी खायची.

चौकीत अशीच एक फळी होती. खिळ्यांच्या दोन रांगा, प्रत्येक माणसाचा नंबराचा बिल्ला. रानात शिरताना आपला बिल्ला खालच्या रांगेत टांगायचा, परतल्यावर वर लावायचा. खाली एक जरी बिल्ला असला, तरी फाटकाला कुलूप लागत नसे. नऊपर्यंत तो खालीच राहिला तर शोधायला निघायचं. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही.

हा शेवटचा नियम सगळे मोडत. कुणाचं घर रानाच्या पलीकडच्या गावात असे. गस्त संपवून तो तिकडूनच परस्पर घरी जाई. मग चौकीतला कुणीतरी त्याचा बिल्ला वर लावून टाकी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

सात नंबर होता अजैबसिंगचा. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. चालताना लाठी दगडावर ठोकायची सवय, झुडपातलं जनावर आधीच बाजूला व्हावं म्हणून. दोन ठोके, थोडं थांबून एक ठोका. तो आवाज आला की चौकीतले चहा ठेवत.

२००१ची अठ्ठावीस डिसेंबर, शुक्रवार. अजैबसिंग पाचला बंधाऱ्यांच्या गस्तीवर गेला. देवदत्तची आई रात्रीच्या गाडीने दिल्लीहून येणार होती, स्टेशनवर जायचं होतं. आठ वाजले तरी सात नंबर खाली. देवदत्तने वायरलेसवर दोनदा पुकारलं. उत्तर नाही. धुक्यात बऱ्याचदा नसेच येत. म्हातारा परस्पर घरी पोचला असणार, असं त्याने धरलं. बिल्ला वर लावला. फाटकाला कुलूप घातलं आणि आईला आणायला गेला.

अजैबसिंग सकाळी तिसऱ्या बंधाऱ्यापाशी सापडला. मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पहाटे तीन-चारपर्यंत जिवंत असावा. मारलं ते थंडीने.

चौकशीत विचारलं, बिल्ला वर कसा? देवदत्त म्हणाला, वर होता. एवढंच. पण कागदावर त्याचा अर्थ असा झाला की अजैबसिंग परत आला होता आणि रात्री चोरून पुन्हा रानात गेला. मग लोकच म्हणू लागले, खैराची लाकडं तोडायला गेला असेल. त्याच्या बायकोच्या कानावरही ते गेलं. चौदाव्या दिवशी ती चौकीत आली. फळीसमोर उभी राहिली. तशीच परत गेली.

"और उसने तब भी नहीं बताया?" सलोनीने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "रोज ठरवायचा, उद्या सांगू."

सात नंबर देवदत्तने कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप, किल्ली खिशात. दोन महिने सगळ्यांनी नियम पाळला. नंतर पुन्हा जसं होतं तसंच सुरू झालं.

वर्ष गेलं. २००२ची अठ्ठावीस डिसेंबर, शनिवार. अमावास्या जवळ आलेली, शिवाय धुकं. सव्वाआठला देवदत्त एकटाच चौकीत होता. सगळे बिल्ले वर होते. कुलूप हातात घेऊन तो उठला, सवयीने फळीकडे बघितलं.

खालच्या रांगेत सात नंबर होता.

कुणीतरी चेष्टा केली, असं वाटून त्याला संताप आला. बिल्ला काढला. दोरा ओला होता. कपाट उघडून आत टाकला, कुलूप लावलं, ओढून बघितलं. वळला.

सात नंबर खाली होता. दोऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

देवदत्त सांगायचा, त्या क्षणी त्याला पळून जावंसं वाटलं. पण पळायचं तर फाटक लावावं लागणार, आणि खाली बिल्ला असताना फाटक कसं लावायचं… हात आपोआप थांबला. म्हणून त्याने वरची रांग पुन्हा नीट बघितली. अकरा नंबर. कृष्णाचा. गढवालकडचा चाळिशीचा माणूस, गस्त संपवून खालच्या फाटकाजवळच्या आपल्या खोलीवर परस्पर जाणारा. बिल्ला वर होता. तो कुणी लावला?

त्याने वायरलेसवर खालच्या फाटकाला विचारलं, कृष्णा आला का.

"कृष्णा? नहीं जी. इधर से तो निकला ही नहीं."

देवदत्तने अकरा नंबर खाली लावला. आपलाही बिल्ला खाली लावला. फाटकावरची दोन माणसं बोलावली, पण त्यांना यायला अर्धा तास लागणार होता. गेल्या वर्षीची थंडी त्याला आठवली. तो एकटाच निघाला.

बॅटरीचा उजेड चार पावलांपुढे जात नव्हता. त्याने हाका मारल्या. धुक्यात त्या तिथेच विरल्या. पहिला बंधारा. कुणी नाही. दुसरा. कुणी नाही. तिथून वाट फुटते, एक डावीकडे, एक ओढ्यात उतरणारी.

तो थांबला.

ओढ्याच्या बाजूने आवाज आला. दगडावर लाठी. दोन ठोके… मग एक.

देवदत्तने बॅटरी तिकडे फिरवली. आवाज पुन्हा आला. दोन… एक. घाई नव्हती त्या आवाजाला.

तो आवाजामागे निघाला. ठोके पुढे. तो थांबला की ठोके थांबत. तिसऱ्या बंधाऱ्यापाशी ते बंद झाले. ज्या दगडाजवळ अजैबसिंग सापडला होता, त्या दगडाजवळ.

काही नाही. पाण्याचाही आवाज नाही.

त्याने हाक मारली. "कृष्णा…"

काही नाही.

वायरलेसमध्ये खरखर झाली. मग कुणाचा तरी श्वास. थांबून थांबून घेतलेला, थंडीने दातखीळ बसलेल्या माणसाचा. शब्द नाही. नुसता श्वास… वाट बघणारा.

देवदत्तला कळलं, आपल्याला काय विचारलं जातंय. त्याने बटण दाबलं. सगळ्या चौक्या त्याच वाहिनीवर ऐकत असतात, हे त्याला ठाऊक होतं.

"अजैबसिंगजी," तो म्हणाला, "आप वापस नहीं आए थे. बिल्ला मैंने लगाया था."

श्वास थांबला.

बराच वेळ…

मग बंधाऱ्याच्या भिंतीपलीकडे एक ठोका पडला. एकच. देवदत्तने उजेड टाकला. कृष्णा गुडघाभर पाण्यात अडकून पडला होता. घोटा फिरलेला, ओठ निळे, पण जिवंत. त्याच्याजवळ लाठी नव्हती. ती ओढ्यात वाहून गेली होती, संध्याकाळी सहालाच.

देवदत्तने लेखी कबुली दिली. अजैबसिंगच्या घरी जाऊन, उभ्यानेच, त्याच्या बायकोला सांगितलं. मग नोकरी सोडली. आता जवळच्या खरड गावातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो. जाताना सात नंबर काकांकडे देऊन गेला. त्याला तो घरी ठेववत नव्हता.

"दर वर्षी या रात्री नऊला फोन करतो," काका म्हणाले. "विचारतो, वर आहे ना? मी सांगतो, वर आहे."

मयुरेश म्हणाला, "वर तर आहेच." त्या रात्रीतलं त्याचं हे पहिलंच मराठी वाक्य.

काका हळूच म्हणाले, "दर वर्षी नऊच्या आत मला तो खालच्या रांगेतून उचलून वर लावावा लागतो."

फळीच्या बाजूने टप् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा.

सलोनीने मोबाइलचा उजेड तिकडे धरला. बिल्ला खालच्या रांगेत होता. तिघांपैकी कुणीही जागचं उठलेलं नव्हतं.

काका उठले, फळीपाशी गेले, हात वर केला.

"मत लगाइए," सलोनी म्हणाली. "काका, आप भी तो वही कर रहे हैं."

काकांचा हात तसाच राहिला. फोन वाजला. त्यांनी उचलला.

"काका, वर आहे ना?"

काकांनी फळीकडे बघितलं. "नाही रे," ते म्हणाले. "खाली आहे."

पलीकडून खरखर आली.

"मग कुलूप लावू नका, काका," देवदत्त म्हणाला. आवाज अगदी शांत होता.

काकांनी दाराची कडी काढली. तिघं एकाच खोलीत रजया ओढून बसली. धुकं दाराच्या फटीतून आत येत राहिलं. पहाटेकडे कधीतरी डोळा लागला.

सकाळी दार जसं होतं तसंच होतं. सात नंबर वरच्या रांगेत होता, काकूच्या किल्लीशेजारी. काकांनी मुलांकडे बघितलं. मुलांनी काकांकडे.

बिल्ल्याचा दोरा कोरडा होता.