केशरबाईंची सहाण

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत घडलंय. गेल्या मार्गशीर्षात, कल्याणच्या एका हॉस्पिटलात.

तेही भरदुपारी. भुतांना रात्रच लागते, असं मीही समजायचो.

माझी बहीण शुभदा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. सान्वी एवढीशी, काचेच्या पेटीत. पोटात दूध जायला बारीक नळी.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिचं आतडं कच्चं आहे. वाईट जंतू वाढले तर सडायला लागेल. आईच्या दुधाशिवाय एक थेंबही नको."

त्या दुपारी शुभदा बाजूच्या खोलीत दूध काढत होती. मी आणि तिच्या सासूबाई, विमलाबाई, सान्वीच्या खोलीच्या दाराबाहेर बसलो होतो. त्यांची पिशवी त्यांच्या मांडीवरच होती.

आणि आतून आवाज आला...

खर्र... खर्र...

सहाणेवर काहीतरी उगाळल्यासारखा.

मग वास आला... वेखंडाचा.

विमलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी दार ठोठावलं. सिस्टर म्हणाली, "आत माझ्याशिवाय कोणी नाही हो."

संध्याकाळी सान्वीचं पोट फुगलं.

टणक. नळीतून हिरवं पाणी आलं. दूध बंद केलं.

सिस्टर ओरडली, "हिच्या ओठांना पिवळं काय लागलंय? घुटी कोणी दिली?"

शुभदा सासूवर तुटून पडली. "आई, केलंत ना शेवटी तुमचंच खरं!"

"मी नाय दिली गो!" विमलाबाई रडायलाच लागल्या. "आत पाऊल नाय टाकलं. नुसती आणलेली..."

त्यांनी पिशवीतून सहाण काढली. त्यांच्या सासूची, केशरबाईंची.

"गावातल्या पोरांना पहिली घुटी त्याच द्यायच्या. जाऊन वीस वर्षं झाली. म्हटलं, नात घरी आली की ह्याच सहाणेवर..."



सहाण ओली होती. मधोमध ताजं, पिवळं...

ती मी स्वतः काळू नदीत टाकली. पुलावरून, हात जोडून. हो, मीच.

सान्वी वाचली. ऑपरेशन थोडक्यात टळलं. डॉक्टर म्हणाले, औषधं लागू पडली. पडली असतील.

आता ती टिटवाळ्याला घरी आहे. वरचं काही द्यायचं नाही, हे अजून आहेच. आज दुपारी शुभदाचा डोळा लागला. विमलाबाई देवळात गेल्या. पाळण्यापाशी मी एकटा.

स्वयंपाकघरातून आवाज आला...

खर्र... खर्र...

मी धावलो. ओटा कोरडा. कोणी नाही.

परत आलो, तर सान्वी झोपेत ओठ चाटत होती.

शुभदाला उठवलंय. ती डॉक्टरांना फोन लावतेय, लागत नाहीये. मी हे एका हाताने टाइप करतोय.

दुसरा हात सान्वीच्या पोटावर आहे.

अजून मऊ आहे...