न भांडणारा

माझ्या नवऱ्याच्या अंगातून भूमिका उतरवायचा एकच उपाय होता, तो म्हणजे भांडण.

लग्नानंतर लगेच त्याला पहिली मोठी भूमिका मिळाली, मुक्या शिंप्याची. शूटिंग संपलं, चित्रपट तुफान चालला, तरी हे महाशय घरात मुकेच. चहा हवा तर खुणेनं मागायचे. काही दिवस मी सहन केलं, मग गळक्या नळावरून असं तोंड सोडलं की त्याचा पारा चढला आणि शिंपी गेला तो गेलाच. पुढे तो जेलर झाला, तेव्हा मला घरी यायला उशीर झाला की उलटतपासणी व्हायची. तोही एका भांडणात गेला. ज्या भूमिकेनं त्याचं खरं नाव झालं, त्या आजारी थोरल्या भावाला मात्र दोन भांडणं लागली. मी औषधांच्या दुकानात काम करते. कुठल्या दुखण्याला किती मात्रा द्यायची, हे मला कळतं.

मग कामं आटली. रिकामा नट घरात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी असतो त्यालाच कळतं. दिवसभर बैठकीत बसून तो स्वतःचेच जुने चित्रपट बघायचा आणि पडद्यावरच्या प्रत्येकाला नावं ठेवायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी दोष माझा आणि फोन वाजला नाही तरी दोष माझा. मी अगदी मेटाकुटीला आले होते. तरीही एक सांगते, तो चिडका, हट्टी, रडका माणूस माझा होता.

अशात एका तरुण दिग्दर्शकाचा फोन आला. भूमिका अशी: एका बाईचा नवरा बेपत्ता होतो. कित्येक वर्षांनंतर एक परका माणूस दारात येतो, म्हणतो मीच तो, आणि हळूहळू त्या घरात मुरतो. नवरा लहान मुलासारखा नाचला. दिग्दर्शकानं अट घातली की शूटिंगभर त्यानं घरीही त्याच भूमिकेत राहायचं.

"चालेल ना वहिनी?" त्यानं मला विचारलं.

"राहू दे की," मी म्हटलं. "उतरवायचं औषध आहे माझ्याकडे."

शूटिंगच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. त्याच्याकडे किल्ली असते, त्यामुळे मला वाटलं, दुसरंच कुणी असेल. दार उघडलं तर तोच. पायपुसण्यावर पाय पुसत उभा होता. मी 'ये' म्हणेपर्यंत आत आला नाही.

बैठकीतला दिवा लावायला त्यानं आधी पंख्याचं बटण दाबलं, मग टीव्हीचं. ज्या घरात त्यानं अर्धं आयुष्य काढलं तिथे! मला हसू आलं. काय मेहनत घेतोय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्याचं एकही बटण चुकलं नाही. कपाटाचा कुठला खण अडकतो, कुठल्या खुर्चीचा पाय हलतो, हे त्याला एकदा कळलं की पुरे. परत चूक नाही.

शूटिंग संपलं तशी मी बाह्या सरसावल्या.

नळावरून सुरुवात केली. त्यानं शांतपणे पान्हा आणून नळ दुरुस्त केला. मग त्याच्या घरच्यांवर, म्हणजे माझ्या सासरच्यांवर घसरले. "तुझं खरं आहे, तुला फार सोसावं लागलं," म्हणाला. हे वाक्य ऐकायला मी आयुष्यभर झुरले होते, आणि ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला. शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. त्या आजारी थोरल्या भावाच्या त्याच्या भूमिकेला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे.

"त्या चित्रपटात तू रडलास ना, ते सगळं खोटं होतं," मी म्हटलं. "नुसती ग्लिसरीनची करामत."

तो जरा विचारात पडला. "हो," म्हणाला. "तो माणूस मलाही खोटाच वाटतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. भिंतीशी भांडावं तर भिंतीवर निदान हात तरी आपटतो.

धाकटी नणंद दोन दिवस राहायला आली. भावाला भांडी विसळताना बघून ती हरखलीच.

"वहिनी, सुधारला की गं दादा! आणि तू तोंड पाडून बसलीयस? सुख टोचतं का तुला?"

"मला तो पूर्वीचाच हवाय," मी म्हटलं.

"डोकं फिरलंय तुझं."

निघताना मात्र ती दारात घुटमळली. लहानपणी ज्यानं हिच्या वेण्या ओढल्या, तो भाऊ हात जोडून म्हणाला होता, "पुन्हा या. आपल्याला भेटून आनंद झाला." ती माझ्याकडे बघत राहिली. मग घाईघाईनं जिना उतरली. नंतर तिचा फोनही आला नाही.

डबिंग सुरू झालं. पडद्यावर हलणाऱ्या आपल्याच ओठांवर नटानं पुन्हा बोलायचं, आवाज नेमका बसवायचा, हे ते काम. यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तिथल्या ध्वनिमुद्रकाला आम्ही वर्षानुवर्षं ओळखतो. त्यानं मला दुपारी स्टुडिओत बोलावून घेतलं.

"वहिनी, सगळा चित्रपट झाला, फक्त दाराचा शॉट ते बोलायला तयार नाहीत. 'हे मला जमणार नाही' म्हणतात."

"कुठला शॉट?"

"पहिल्याच दिवशीचा. ते बंद दाराबाहेर उभे आहेत आणि कॅमेरा दाराच्या काचेतून त्यांचा चेहरा बघतोय. मग दार उघडतं, ते आत जातात, दार लागतं. सेटचं दार ते, त्याच्यामागे प्लायवूडची भिंत, कॅमेरा तिच्यातल्या फटीतून. दोन माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढीच जागा. पण कट म्हटल्यावर त्यांना बाहेर यायला बराच वेळ लागला. आम्ही हाका मारल्या."

"मग आले ना?"

"आले." तो टेबलावरची वायर उगाच गुंडाळत राहिला. "तो आवाज मी स्वतः घेतलाय, वहिनी. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, 'मी आलोय.' आता लावला की ते जास्त बोलतात. काल लावला त्याहून आज जास्त."

मी म्हटलं, मला ऐकव. त्यानं नकारार्थी मान हलवली. डबिंग नाही म्हणून दिग्दर्शकानं सेटवरचाच आवाज ठेवला होता आणि शॉट त्याच दिवशी संकलनाला निघून गेला होता.

मी दिग्दर्शकाला फोन केला आणि तो शॉट काढून माझ्याकडे दे म्हणून अक्षरशः विनवलं. मी तो कुठे जपून ठेवणार होते, कोण जाणे. तो हसला. "वहिनी, तो शॉट म्हणजे चित्रपटाचा प्राण आहे. त्यांना पुढचे दोन चित्रपट त्याच शॉटवर मिळालेत." घरी आले तर त्या दोन चित्रपटांचे करार सही होऊन बैठकीत पडले होते आणि तो माझ्यासाठी चहा गाळत होता. साखर अगदी मला लागते तेवढी. माझ्या नवऱ्याला ती कधीच जमली नाही.

पहिल्या खेळाला आम्ही शेजारी बसलो. लोक उठून त्याच्याशी हात मिळवत होते. "पुनरागमन असावं तर असं," कुणीतरी मागून म्हणालं.

दिवे मालवले.

काचेपलीकडे तो दिसला. केस विस्कटलेले, डोळे लाल, नाक ओढत होता. पुऱ्या पडद्याएवढा तो रडका चेहरा. ग्लिसरीन नव्हतं ते. मला कळतं.

तो दाराकडे बघत नव्हता. रांगांवरून नजर फिरवत तो कुणाला तरी शोधत होता.

माझ्यापाशी येऊन नजर थांबली.

"अगं, किती वेळ?" तो चिडून म्हणाला. तोच चिरका, हट्टी आवाज. "ऐकू येत नाही का? मी कधीचा इथे उभा आहे. दार उघड!"

काचेवर हात आपटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी अर्धवट उठले होते.

शेजारच्यानं माझ्या खांद्यावरून घसरलेली शाल अलगद सारखी केली, मला हळूच खाली बसवलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "उघडू नकोस."