समक्ष हजर

जुन्या परभणीच्या अरुंद गल्लीत आमच्या बँकेचं काचेचं मुख्यालय असं उभं आहे, जणू भरलेल्या ऑटोत शेवटचा माणूस कोंबलाय. पेन्शनच्या टेबलावर मी एकटीच. घरीही एकटीच. आई गेल्यापासून 'निवेदिता, जेवलीस का' असं विचारणारं कुणी उरलं नाही, हे सरळ सांगून टाकते.

गोष्ट गेल्या वर्षीच्या तीस नोव्हेंबरची. पेन्शनरांनी समक्ष येऊन हयातीचा दाखला द्यायचा शेवटचा दिवस. सकाळीच पिंगळीहून बन्सीधर आला, निवृत्त शिक्षिका सगुणाबाईंचा पुतण्या.

"काकू लय आजारी हायत, मॅडम. यायला जमंना. तुमीच सही करा की."

मुख्यालयाच्या जागेवर पूर्वी बाईंचं घर होतं. दरवर्षी दाखल्याला आल्या की माझ्या टेबलाशी बसून म्हणायच्या, "इथंच माझी चूल होती." मला दया आली. न बघताच मी लिहिलं, 'सगुणाबाई माझ्यासमक्ष हजर होत्या. हयात आहेत.' आणि सही ठोकली.

संध्याकाळी मजला रिकामा झाला. एसीच्या गारव्यात एकाएकी चुलीच्या धुराचा वास आला. मान वर केली, तर समोर सगुणाबाई.

"बाई, तुम्ही? आजारी होतात ना?"

"तू लिहलंस ना, हजर हाय म्हणून... यावं लागलं." मग माझ्याकडे निरखून बघत, "जेवलीस का?"

तेवढ्यात बन्सीधरचा फोन.

"मॅडम, मी पोचायच्या आत काकू गेल्या. आता तासभर झाला, सरण पेटंना... लाकडं वाळलेली हायत, रॉकेल ओतलं... न्हाईच."

समोरून बाई हळूच म्हणाल्या, "फाड तो कागद, पोरी. लोक खोळंबलेत."

मला सगळं कळलं होतं. भीतीही वाटत होती. तरीही, सांगायला लाज वाटते, मी म्हणाले, "थोडं बसा ना, बाई..."

त्या बसल्या. मी आईबद्दल बोलत राहिले, रिकाम्या घराबद्दल, एकटीच्या रविवारांबद्दल. गल्लीत दिवे लागले. फोन वाजत होता, मी उचलला नाही.

शेवटी कागद फाडला. खुर्ची रिकामी झाली. फोन उचलला.

"पेटलं, मॅडम," बन्सीधर म्हणाला.

टेबलावर दाखल्याचा आणखी एक फॉर्म होता, शाळेतल्या फळ्यावर असतं तशा वळणदार अक्षरात भरलेला. 'निवेदिता माझ्यासमक्ष हजर होती.' पुढचं 'हयात आहे' खोडलेलं. खाली सगुणाबाईंची सही. तारीख मात्र यंदाच्या तीस नोव्हेंबरची.

म्हणजे परवाची. कागद माझ्या पर्समध्ये आहे. फाडायला क्षणही लागणार नाही. पण मन होत नाही.